परवाना मागणाऱ्यांनो, आधी पुंगळी सांभाळा

महाराष्ट्रात कुठे गोळीबार झाला की दोन दिवसांत तो युक्तिवाद हजर होतो: गुंडांच्या कमरेला कट्टे, सज्जनाच्या हातात साधी काठीही नाही, तेव्हा अमेरिकेसारखे परवाने वाटून टाका. यातलं 'अमेरिकेसारखे' वाचलं की इकडे अमेरिकेत बसलेल्याचं डोकं फिरतं. कुठल्या अमेरिकेसारखे?

न्यू जर्सीत पिस्तूल हवं असेल तर गावच्या पोलिसांकडे अर्ज, बोटांचे ठसे, तुमच्याबद्दल लिहून देणारे दोघेजण, मानसिक उपचारांच्या नोंदी तपासायला तुमची संमती, एवढं सगळं आधी लागतं. मिळालेला परवाना एकाच पिस्तुलाचा, तोही ९० दिवसांपुरता. ३० दिवसांत दुसरं घेता येत नाही. परवान्याविना बाळगताना सापडलात तर ग्रेव्हज कायद्याखाली ४२ महिने पॅरोलचं नावही काढायचं नाही. डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडला की पेनसिल्व्हेनिया; तिथल्या रहिवाशाने दुकानात ४४७३ क्रमांकाचा केंद्रीय फॉर्म भरला आणि तपासणी साफ आली, तर संध्याकाळी पिस्तूल घरात. त्या तपासणीची केंद्रीय मुदत तर आणखी मजेशीर आहे. तीन कामाच्या दिवसांत उत्तर आलं नाही, तर दुकानदार शस्त्र देऊ शकतो. २०१५ च्या जूनमध्ये चार्लस्टनच्या चर्चमध्ये नऊ जण मारले गेले, ते पिस्तूल असंच तपासणी लटकलेली असताना विकलं गेलं होतं.

आता आकडे. २०२३ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४६,७२८ माणसं मेली. त्यात खून १७,९२७ आणि आत्महत्या २७,३००. स्वसंरक्षणाच्या गप्पा मारणारे हा दुसरा आकडा कधी काढत नाहीत. बंदूक घरात येते ती चोरासाठी, आणि वापरली जाते बहुधा घरातल्याच कुणावर, पुष्कळदा स्वतःवर. विषारी औषध घेतलेल्याला दवाखान्यात पोचवायला निदान तासभर तरी मिळतो. गोळी तेवढाही देत नाही. लोकसंख्येच्या प्रमाणात बंदुकीचे बळी जर्सीत लाखामागे पाचच्या आसपास, मिसिसिपीत एकोणतीसच्या आसपास. आणि आपल्याकडे? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) हिशेबाने २०२२ मध्ये देशभरात २८,५२२ खून, लाखामागे दोनच्या थोडे वर, तेही सुरे, कोयते, दगड, सगळं धरून. त्या वर्षी अमेरिकेचा दर याच्या दुपटीपेक्षा बराच वर होता. मग नक्कल कोणी कोणाची करायची?

(जर्सीचं उदाहरण सोयीचं म्हणून घेतलं, हे कबूल. कॅम्डेनही जर्सीतच आहे. २०१२ साली जेमतेम पाऊण लाख वस्तीच्या त्या गावात ६७ खून झाले होते. त्याबद्दल इकडची मराठी मंडळी कधी बोलत नाहीत. हायवेवरचा आपला एक्झिट वेगळा.)

परवाना मिळतच नाही, ही तक्रारही अर्धीच खरी. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे फॉर्म ए-१ भरायचा, आयुक्तालय असेल तिथे पोलीस आयुक्तांकडे, एरवी जिल्हाधिकाऱ्यांकडे. शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा एस-१ दाखला जोडायचा, घरात ते कुठे कुलपात राहील हे सांगायचं, मग पोलीस ठाण्याचा अहवाल. कागदावर हे जर्सीपेक्षा फार वेगळं नाही. फरक आहे तो 'जिवाला धोका' या कारणात. ते तपासायचं ठाण्याने, आणि ठाण्यावर वजन कोणाचं हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक असतं. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा ९ डिसेंबर २०२४ रोजी खून झाल्यावर बीड जिल्ह्यातले परवाने मोजले गेले, तेव्हा ते हजाराच्या वर निघाले. शेकडो रद्द करावे लागले. ते दिले तेव्हा धोका कोणाला होता? आणि सरपंचांना मारलं ते गोळीने नव्हे, मारहाण करून.

दहिसरचं प्रकरण याहून बोलकं आहे. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर फेसबुक लाइव्ह चालू असताना गोळ्या झाडल्या गेल्या. शस्त्र मारेकऱ्याच्या अंगरक्षकाचं होतं, परवाना उत्तर प्रदेशातला. म्हणजे कागद एकाच्या नावावर, हात दुसऱ्याचा. खासगी अंगरक्षक ठेवून त्याच्या परवान्यावर मिरवायचं, ही पळवाट मुंबईत जुनी आहे. परराज्यातला परवानाधारक नोकरीला आला की शस्त्राची नोंद स्थानिक ठाण्यात झाली का, ड्यूटी संपल्यावर ते कोणाच्या कपाटात राहतं, हे महिन्याला एका शिपायाने जाऊन पाहिलं तरी पुष्कळ झालं असतं. त्याऐवजी २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच केली. बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली ती चांगलीच, पण धोका टळला की परवानाही परत घ्यावा, याचा विचार पाच वर्षं कोणी करणार नाही.

राहिला कट्टा. हा विषय चर्चेत आला की सगळे उमर्टीचं नाव घेतात आणि थांबतात. जळगावच्या चोपड्यापलीकडे, मध्य प्रदेशच्या हद्दीत माल बनतो हे खरंच. पण माल आल्यानंतर खटला का कोसळतो, ते बघा.

पिस्तूल झाडलं की रिकामी पुंगळी, म्हणजे काडतुसाचं कवच, बाजूला उडून पडते. एकनळी कट्ट्याची पुंगळी नळीतच राहते, हाताने काढावी लागते. त्यामुळे घटनास्थळी पुष्कळदा ती सापडतच नाही. प्रेतातून निघालेली गोळी उरते. कारखान्यातल्या पिस्तुलाच्या नळीत पीळ असतो, त्याचे ओरखडे गोळीवर उमटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली जुळतात. कट्ट्याची नळी बहुधा गुळगुळीत. गोळीवरून फार तर बोर, म्हणजे नळीचा व्यास, कळतो. क्रमांक नसतोच, म्हणजे मूळ खरेदीदारही नाही. हाताशी राहते ती पुंगळीच्या बुडावरची फायरिंग पिनची खूण, म्हणजे आरोपीच्या खिशात किंवा नळीत सापडलेली पुंगळी. आणि नेमकी तीच पंचनाम्यात बिघडते. लोखंडी चिमट्याने उचलली की नवा ओरखडा. दोन पुंगळ्या एका पाकिटात टाकल्या की कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पोचेपर्यंत एकमेकींवर घासतात. प्रत्येक वेगळी, कापसात, पाकिटावर वेगळा खूणक्रमांक, जागेवरून हलवण्याआधी फोटो आणि अंतराचं माप. एवढं झालं नाही तर बचावाचे वकील काही करत नाहीत, फक्त पुराव्याचं ते पाकीट कोर्टात दाखवायला सांगतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मध्ये सात वर्षं वा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने जागेवर जायचं असं आता आलं आहे, पण राज्यांना तयारीला पाच वर्षांची सवलत आहे.

इकडे क्रमांक असतो, तरी गंमत कमी नाही. वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गला शस्त्रांचा माग काढणारं केंद्र आहे. तिथले लोक उत्पादकाला फोन करतात, तो घाऊक व्यापाऱ्याचं नाव देतो, तो दुकानाचं, दुकानदार ४४७३ काढून पहिल्या गिऱ्हाइकाचं. १९८६ च्या कायद्याने बंदूकमालकांची केंद्रीय नोंदवहीच ठेवता येत नाही, म्हणून बंद पडलेल्या दुकानांचे कागद नुसती चित्रं म्हणून साठवलेले. नाव टाकून शोध नाही, पानामागून पान बघायचं. जर्सीत सापडलेली बहुतांश गुन्ह्याची शस्त्रं बाहेरच्या राज्यांतून आलेली असतात, पुष्कळशी नाइंटीफाइव्ह या महामार्गावरून. आपली उमर्टी, यांचा हायवे. खुनाचे उलगडेही इकडे अलीकडच्या काही वर्षांत निम्म्याच्या आसपास रेंगाळले होते, तेव्हा फार मान वर करायचं कारण नाही.

ज्यांना खटलाच नको, एन्काउंटर हवा, त्यांना एवढंच विचारतो: २०१९ च्या हैदराबाद चकमकीवर न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाने काय लिहिलं ते वाचलंत का? आणि २०२२ अखेरीस देशातल्या तुरुंगांत १०० पैकी जवळजवळ ७६ बंदी कच्चे होते. जर्सीत २०१७ पासून कोठडीतल्या आरोपीवर ९० दिवसांत आरोप निश्चित व्हावे लागतात, त्यापुढे १८० दिवसांत खटला उभा राहावा लागतो. ही नक्कल करा म्हणून मोर्चा काढलेला कोणी पाहिला नाही.

वर दोनदा 'आपल्याकडे' किंवा 'आपली' लिहून झालं. तिकडचे म्हणतात, तुम्हाला काय, तुम्ही सुटलात. मतदार यादीत नाव नाही, त्यामुळे टोमणा लागतो. इकडे तरी कुठे आहे? ग्रीन कार्डवाल्याला पिस्तूल विकत घेता येतं, शेरीफ (काउंटीचा निवडून येणारा पोलीस अधिकारी) निवडता येत नाही. एच-१ व्हिसावाल्याला केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायला मनाई, मात्र त्याच्याकडे शिकारीचा चालू परवाना असेल तर मुभा. ४४७३ मध्ये त्याचा स्वतंत्र प्रश्न आहे. त्याच एच-१ वाल्याची पोरगी पहिलीपासून शाळेत दिवे मालवून, दाराच्या काचेतून दिसणार नाही अशा कोपऱ्यात गप्प बसायची तालीम करते. जर्सीत असा सुरक्षेचा सराव दर महिन्याला असतो.