सिग्नलचा धक्का उपग्रहाला बसतोच

जीपीएससारखे उपग्रह सिग्नल पाठवतात त्याचा त्यांना धक्का बसतो आणि तो धरला की कक्षेची त्रिज्या किंचित कमी भरते, असं संशोधक सांगतात. यावर वाद निघाला की एक युक्तिवाद हमखास फिरतो: 'रेडिओ लहरींना वस्तुमानच नसतं. मग सिग्नल पाठवून टनभराच्या उपग्रहाची कक्षा बदलते, ही थाप आहे. शिवाय लहरी पृथ्वीकडे जातात तर धक्का वर बसेल. मग संशोधकांच्या हिशेबात कक्षेची त्रिज्या कमी कशी भरते?'

वस्तुमानाचं चटकन उरकू. वस्तुमान नसलं तरी लहरींना संवेग, म्हणजे धक्का देण्याची क्षमता, असते. वॉटला प्रकाशवेगाने भागा, बल मिळेल. सूर्यप्रकाशाचा दाबही असाच काढतात. त्याला कुणी थाप म्हणत नाही.

आता टनभराची गोष्ट. जर्मनीत वाइलहाइम इथल्या ३० मीटरच्या अँटेनाने उपग्रहांची प्रक्षेपणशक्ती मोजली गेली. जीपीएस ५० ते २४० वॉट, गॅलिलिओ (युरोपची अशीच यंत्रणा) ९५ ते २६५ वॉट. २६५ वॉटचा धक्का एका न्यूटनच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी. क्षुल्लकच! पण तो अहोरात्र एकाच दिशेने, पृथ्वीपासून दूर, बसत असतो. सूर्याचा दाब कितीतरी मोठा, मात्र कक्षेत फिरताना त्याची दिशा बदलत राहते.

तिसरा आक्षेप खरा मजेदार आहे, आणि तिथेच घोळ होतो. त्रिज्या कमी भरते म्हणजे उपग्रह खाली घसरला असं नव्हे. तो होता तिथेच आहे. बदलतं ते आपलं गणित. उपग्रहाचा प्रदक्षिणाकाळ निरीक्षणांतून अत्यंत अचूक कळतो, त्याला हात लावता येत नाही. धक्का हिशेबात धरला की पृथ्वीकडची निव्वळ ओढ किंचित घटते. तेवढ्याच वेळात प्रदक्षिणा पुरी करायची तर वर्तुळ जितकं मोठं तितकी ओढ जास्त लागते. ओढ घटली, तर वर्तुळ लहानच धरावं लागतं. हा फरक उपग्रहागणिक १ ते २७ मिलिमीटर.

मोबाइलवर रस्ता शोधणाऱ्याला याचं काही पडलेलं नाही, हे कबूल. तिथली चूकच मीटरांत असते. पण समुद्रपातळी वर्षाला ३-४ मिलिमीटरने वाढते. ती ज्या संदर्भचौकटीत, म्हणजे पृथ्वीवरच्या जागा ठरवणाऱ्या मोजमापाच्या चौकटीत, मोजायची, तिला या कक्षांचा आधार असेल तर २७ मिलिमीटर सोडून कसे चालतील?

बरं, सगळ्यांना एकच आकडा लावूनही भागत नाही. रशियाच्या ग्लोनास-एम या उपग्रहांच्या एकाच मालिकेत वेगवेगळ्या शक्तीचे सहा गट निघाले.