म्हणे १२ एमएलडी रिकामे आहेत!

"हा प्लांट फुल्ल झालाय, त्या प्लांटात १२ एमएलडी रिकामे आहेत, टाका लाइन आणि वळवा पाणी!" सांडपाणी प्रक्रिया प्लांटांच्या बैठकीत हे असं ऐकवतात. (एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर.) अहो, तोंड उघडायच्या आधी बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण पचवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, तरी विचारा!

३० एमएलडीचा प्लांट, येतंय १८, म्हणून शिल्लक १२. ही वजाबाकी चौथीतलं पोरगंही करेल. डिझाइनला बीओडी २०० मिग्रॅ प्रति लिटर धरला असेल, तर प्लांट दिवसाला ६,००० किलो बीओडी पचवणार. आज दाट वस्तीतून २५० चं पाणी येत असेल, तर १८ एमएलडीतच ४,५०० किलो आत गेले. उरले १,५००. म्हणजे तसलंच पाणी जेमतेम ६ एमएलडी घेता येईल. वरचे ६ कुणाच्या डोक्यावर ओतायचे? टाकीत हवा फुंकणारे ब्लोअर तेवढेच, हवा तेवढीच. डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) पडला की अमोनिया तसाच बाहेर, आणि नोटीस मात्र ऑपरेटरच्या नावाने.

आणि तो १८ चा आकडा तरी खरा का? पार्शल फ्ल्यूमवरचा (आवक मोजायच्या अरुंद नाळीवरचा) अल्ट्रासोनिक सेन्सर पाण्यावर फेस आला की फेसाचीच पातळी वाचतो. शेवटचं कॅलिब्रेशन कधी झालं, विचारा एकदा.

आता खर्च. १२ एमएलडी, घर्षण धरून २० मीटर हेड (पाणी चढवायची उंची), पंप-मोटर मिळून ६० टक्के कार्यक्षमता: दिवसाला साधारण १,१०० युनिट. ८ रुपये दर धरला तर वर्षाला ३२ लाख, नुसतं पाणी इकडून तिकडे न्यायला! प्रक्रियेचा खर्च वेगळाच. रात्री आवक घटून पंप थांबले की ४५० मिमीच्या ५ किमी लाइनीत जवळपास ८०० घनमीटर मैला उभा राहतो. गाळ तळाला बसतो, पाणी सडतं. सकाळी पंप सुरू झाला की ते काळं पाणी हायड्रोजन सल्फाइड घेऊन पलीकडच्या चेंबरात आदळतं आणि स्लॅबचं काँक्रीट आतून पिठासारखं झडायला लागतं. लाइनीतली हवा सोडणारे एअर व्हॉल्व्ह तेल-चरबीने चिकटतात ते आणखी वेगळं. प्रस्तावात याची एक ओळ नसते.

आणि पावसाळ्यात? पुण्यात धो-धो पडतो तेव्हा भैरोबा नाल्याचा प्लांट कोरडा आणि नायडूचा प्लांट भिजलेला असं होतं का? दोन्हीकडे एकदमच लोंढा. नेमकी गरज लागते तेव्हा घ्यायला कुणीच मोकळं नसतं.

फायदा नाहीच असं नाही. डिफ्यूझर (टाकीच्या तळाशी हवेचे बुडबुडे सोडणारे) बदलायला एक टाकी महिनाभर बंद ठेवायची असेल तर जोडलाइन सोन्यासारखी. दोन्ही प्लांट एकाच ट्रंक (मुख्य) लाइनवर असतील आणि उताराने वळवता येत असेल, तर एका गेटात काम भागतं, जरूर करा. पण रडगाणं फक्त सकाळच्या पीकचं असेल, तर आधी इक्वलायझेशन टाकीचा (पीकचं पाणी साठवून दिवसभर सारखं सोडणारी) हिशेब मांडा. तो न मांडता पाइपाचं टेंडर काढायची घाई कसली? निदान महिनाभराचे २४ तासांचे कंपोझिट (दिवसभर थोडं थोडं घेऊन एकत्र केलेले) नमुने दोन्ही इनलेटवरून घ्या, बीओडीचा किलोत तक्ता करा, मग बोलवा बैठक.