‘खेड्यात वायफाय कॅमेरा चालत नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

आखाजीच्या सुमारास खान्देशात दोन गोष्टी हमखास होतात. लेकी माहेरी येतात, आणि सुरत-पुण्याला कामाला असलेली पोरं आईबापांसाठी वायफाय कॅमेरा ऑनलाइन मागवून पाठवतात. अमळनेरात माझं मोबाइल आणि सीसीटीव्हीचं छोटं दुकान आहे, म्हणून दुसरी गोष्ट खोक्यासकट माझ्या काउंटरवर येते. सोबत एक वैतागलेले काका. “भो, हाऊ कॅमेरा वायफाय धरसच नही.”

यंदा काकांच्या फोनवर एक मेसेजही असतो. मला तो चार ग्रुपांवरून आला. मजकूर असा : ‘वायफाय कॅमेरा घेऊ नका, खेड्यात चालत नाही, पैसे पाण्यात. त्याला 100 एमबीपीएस नेट लागतं. जोडताना 5जी वायफायच निवडा. जोडला नाही तर पुन्हा पुन्हा रिसेट मारा. तरी नाही तर वायफायचा पासवर्ड काढून टाका, लगेच जोडतो. नेट गेलं की रेकॉर्डिंग बंद. चार्जर कोणताही चालतो, फक्त फास्ट चार्जर लावू नका, कॅमेरा जळतो. आणि आपल्याकडच्या उन्हात तो वर्षभरही टिकत नाही. जनहितार्थ.’

यातला एक मुद्दा अर्धा खरा आहे, त्याच्याकडे शेवटी येतो. सगळ्यात जास्त कॅमेरे ज्या वाक्याने परत गेले, ते आधी.

‘5जी वायफायच निवडा.’ इथे दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झाली आहे. मोबाइलच्या सिमचं 5जी म्हणजे नेटवर्कची पाचवी पिढी. राऊटरच्या नावापुढे जे ‘5जी’ दिसतं ते 5 गिगाहर्ट्झ, म्हणजे रेडिओ लहरींचा पट्टा. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. घरगुती स्वस्त कॅमेऱ्यांपैकी बहुतेकांना फक्त 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा कळतो. 5 गिगाहर्ट्झचं वायफाय त्यांना दिसतच नाही, मग जोडणार काय? खोक्यावर बारीक अक्षरात ते लिहिलेलं असतं, पण खोकं वाचायची आपल्याकडे पद्धत नाही. आणि 2.4 म्हणजे काही कमअस्सल नव्हे. त्याचा वेग कमी असला तरी भिंतीपलीकडे तोच जास्त पोहोचतो. आमच्याकडची जुनी धाब्याची घरं बघा, हात-हात जाडीच्या मातीच्या भिंती. 5 गिगाहर्ट्झ तिथे मधल्या घरातच दमतं.

खरी अडचण पुढे आहे. नवे राऊटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतात आणि कोणत्या उपकरणाला कुठे बसवायचं ते स्वतः ठरवतात. फोन राऊटरच्या शेजारी असला की 5 वर जातो. काही कॅमेऱ्यांचं ॲप फोन ज्या वायफायवर आहे तेच पुढे करतं, तो 5 वर आहे म्हणून कुरकुरतं किंवा गोल गोल फिरत बसतं, आणि काका म्हणतात माल डुप्लिकेट. उपाय सोपा आहे. राऊटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं द्या, किंवा कॅमेरा जोडेपर्यंत 5चा पट्टा बंद ठेवा. जमत नसेल तर नेटवाल्या पोराला फोन करा, त्याचं दोन मिनिटांचं काम आहे.

कॅमेराच खराब आहे का, हे ताडायला मी काउंटरवर एकच परीक्षा घेतो. दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट सुरू करायचा आणि त्याचा पट्टा 2.4 ठेवायचा. अँड्रॉइडमध्ये हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये पट्टा निवडता येतो. आयफोन 12 किंवा त्यानंतरचा असेल तर ‘मॅक्सिमाइझ कॉम्पॅटिबिलिटी’ चालू करायचं. मग कॅमेरा त्या हॉटस्पॉटला जोडून बघायचा. जोडला गेला तर कॅमेरा निर्दोष, भांडण घरच्या राऊटरशी आहे. परत करायला आणलेला कॅमेरा या परीक्षेत पास झाला की काकांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

आता पासवर्ड. ‘काढून टाका’ हा सल्ला ज्याने दिला त्याच्या गल्लीत क्रिकेट बघणारी पोरं नसावीत. वायफाय उघडं टाका आणि संध्याकाळी बघा, तुमच्या ओट्यावर अख्खी गल्ली फोन घेऊन बसलेली असेल. गंमत सोडा, पण त्याच नेटवर्कवर तुमचा कॅमेरा, तुमचे फोन, पोराचा लॅपटॉप सगळं बसलेलं असतं. 2016 साली ‘मिराई’ नावाच्या व्हायरसने जगभरातले असंख्य कॅमेरे आणि त्यांचं रेकॉर्डिंग साठवणारे डीव्हीआर ताब्यात घेतले होते, ते फक्त कारखान्यातून आलेला पासवर्ड कोणी बदलला नव्हता म्हणून. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात त्याच फौजेच्या माऱ्याने अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइटी काही तास आडव्या झाल्या. एवढं होऊनही पासवर्ड काढा म्हणायचं?

पासवर्डमुळे जोडणी अडते, हे मात्र होतं. त्याची कारणं किरकोळ असतात. पहिलं अक्षर फोन आपोआप कॅपिटल करतो. शेवटी एक मोकळी जागा पडते. काही कॅमेऱ्यांना पासवर्डमधली विचित्र चिन्हं पचत नाहीत. वायफायला हौसेने देवनागरी नाव दिलेलं असतं आणि कॅमेऱ्याला ते वाचता येत नाही. काही नव्या राऊटरांत सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए3 या वायफाय-कुलपाच्या नव्या पद्धतीवर ठेवलेली असते, जुन्या धाटणीच्या कॅमेऱ्याला त्याआधीचं डब्ल्यूपीए2 लागतं. तेव्हा पासवर्ड ठेवा, सरळ इंग्रजी अक्षरं-आकड्यांचा आणि लांबलचक ठेवा, आणि सुरक्षा डब्ल्यूपीए2 किंवा दोन्ही मिळून जो पर्याय असतो त्यावर करा.

‘पुन्हा पुन्हा रिसेट मारा’ याने फक्त बोट दुखतं. बटण काही सेकंद, कॅमेरा बोलेपर्यंत किंवा दिवा लुकलुकेपर्यंत, एकदाच दाबायचं. त्यानंतर जोडणीसाठी थोडी मिनिटंच मिळतात, तेवढ्यात चहा प्यायला जाऊ नका. कॅमेरा शिडीवर चढवून मग जोडू नका, आधी घरात राऊटरजवळ जोडा. फोनचं लोकेशन आणि ब्लूटूथ चालू ठेवा, ॲप मागेल त्या परवानग्या द्या, कारण अँड्रॉइडमध्ये लोकेशनशिवाय ॲपला आसपासची वायफाय दिसत नाहीत. कॅमेरा स्वतःचं वायफाय सोडत असेल तर मोबाइल डेटा बंद करा. त्या वायफायला नेट नसतं, म्हणून फोन गुपचूप डेटाकडे पळतो आणि कॅमेरा एकटा पडतो. क्यूआर कोड दाखवायचा असेल तर अंगणातल्या उन्हात नको, सावलीत, वीतभर अंतरावरून.

आणि रिसेटने जे कधीच सुटत नाही ते सांगतो. कॅमेरा एका खात्याला बांधला जातो. रिसेट मारल्यावर वायफायची माहिती पुसली जाते, खात्याची गाठ बहुतेक कॅमेऱ्यांत तशीच राहते. जुना कॅमेरा विकत घेतला, किंवा बसवणाऱ्याने घाईत स्वतःच्या फोनवर सुरू करून दिला, तर तुमचं ॲप ‘आधीच जोडलेला आहे’ म्हणत राहील. त्या माणसाने त्याच्या ॲपमधून काढल्याशिवाय सुटका नाही. सुरुवातीच्या काळात मीही असं करायचो, गिऱ्हाइकाला खातं उघडायला लावायचा कंटाळा. एकदा एका बाईंच्या अंगणात वाळत घातलेले पापड माझ्या फोनवर दिसले, तेव्हा लाज वाटली आणि ती सवय सुटली. तुमचा कॅमेरा कोणाच्या खात्यावर आहे, हे आजच बघून घ्या.

100 एमबीपीएसचा, म्हणजे नेटच्या वेगाचा, मुद्दा दोन ओळींत संपतो. फुल एचडी चित्र बघायला साधारण एक ते दोन एमबीपीएस पुरतात, आणि तेही डाउनलोडला नव्हे तर घरच्या बाजूला अपलोडला लागतात. हिशेब करायचा तर एक एमबीपीएसने तासाला 450 एमबी जातात, म्हणजे रोज दीड जीबीच्या पॅकवर कॅमेरा सलग बघत बसलात तर सव्वातीन तासांत पॅक खलास.

‘नेट गेलं की रेकॉर्डिंग बंद’ हे मेमरी कार्ड न टाकणाऱ्यांपुरतं खरं आहे. कार्ड असेल तर नेटशिवायही रेकॉर्डिंग चालू राहतं, फक्त सुरतेत बसलेल्या पोराला तेवढा वेळ दिसत नाही. 64 जीबीच्या कार्डात एक एमबीपीएसने पाचेक दिवस मावतात, मग जुनं पुसून नवं लिहिलं जातं. कार्ड ॲपमधूनच फॉरमॅट करा. लाइट जाण्याचं दुखणं खरं आहे, पण त्याला राऊटरसाठी 12 व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, आणि 5 व्होल्टचा कॅमेरा इन्व्हर्टरच्या प्लगवर मजेत चालतो.

चार्जरबाबत मेसेजने नेमकं उलटं सांगितलं आहे. फास्ट चार्जरने कॅमेरा जळत नाही. चांगला फास्ट चार्जर समोरच्याने मागितल्याशिवाय 5 व्होल्टच्या वर जात नाही, आणि कॅमेरा मागत नाही. ‘कोणताही चालतो’ हे मात्र चूक. जुन्या बटणाच्या फोनचा अर्ध्या अँपिअरचा चार्जर लावला की दिवसा सगळं ठीक असतं आणि अंधार पडला की कॅमेरा बंद-चालू होऊ लागतो. रात्री अंधारात दिसावं म्हणून कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे लागतात, ते जास्त करंट ओढतात आणि चार्जर धापा टाकतो. “रातले आपोआप बंद होई जास” अशी तक्रार आली की मी कॅमेऱ्याकडे बघतही नाही, आधी चार्जर विचारतो. मग केबल. सोबतची केबल पुरत नाही म्हणून बाजारातली बारीक तारेची पाच मीटर लांब केबल लावतात. तिच्यात एका अँपिअरला दोन व्होल्टच्या आसपास वाटेतच गळतात. 5 व्होल्टचा कॅमेरा 3 वर कसा चालेल? लांब न्यायचंच असेल तर 230 व्होल्टची वायर तिथपर्यंत न्या आणि चार्जर कॅमेऱ्यापाशी लावा.

राहिलं ऊन, आणि इथे मेसेजवाल्याला अर्धे मार्क. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45च्या वर जातो. बऱ्याच कॅमेऱ्यांची मर्यादा 50 अंश लिहिलेली असते, आणि ते मोजमाप हवेचं असतं. पश्चिमेच्या भिंतीवर, तापलेल्या पत्र्याखाली लावलेला कॅमेरा दुपारी त्याच्या पुढे सहज जातो. मग चित्र अडकतं, कार्ड खराब होतं, संध्याकाळी निवलं की परत सुरळीत. शिवाय पत्रा वायफायच्या लहरी परतवतो, म्हणजे पत्र्याच्या शेडच्या आत राऊटर आणि बाहेर कॅमेरा ही जोडी जुळणं कठीणच. रावेर-यावलकडच्या एका शेतकऱ्याने हिवाळ्यात घरच्या वायफायवर केळीच्या बागेच्या कडेला कॅमेरा जोडला होता, छान चालला. पुढे केळी डोक्यावर गेली आणि रेंज गेली. पाण्याने भरलेली ती रुंद पानं 2.4 गिगाहर्ट्झ पिऊन टाकतात. तिथे वायफायचा हट्ट सोडून सिमवाला सोलर कॅमेरा घ्यावा लागला. घरासाठी मात्र उत्तरेची किंवा पूर्वेची भिंत, वर वीतभर छज्जा, आणि पत्र्यापासून हातभर खाली. एवढ्यावर माझ्या दुकानासमोरचा कॅमेरा चौथा उन्हाळा काढतो आहे.