चिवड्याचं अनेकवचन

मलावीतल्या ज्या नदीकाठी आम्ही उतरलो होतो, तिचं नाव शिरे. पुतण्याने हे सांगितलं तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते व्याकरण : एक शिरा, अनेक शिरे. साडेसहाला जेवायला बसवून सातला मोकळं करणाऱ्या लॉजवर माणसाला नदीसुद्धा साजूक तुपातली दिसू लागते.

पुतण्या ब्लांटायरला नोकरीला आहे. "काका, केनिया काय, सगळेच बघतात. तुम्ही लिवोंडे बघा," म्हणाला, म्हणून आलो. उद्यान तसं आटोपशीर, 548 चौरस किलोमीटरचं. देशातून संपलेले चित्ते 2017 मध्ये इथे आणून सोडले, पुढच्या वर्षी सिंह. हत्तींचं मात्र उलटं. ते इतके वाढले, की 2016-17 मध्ये इथले आणि माजेते अभयारण्यातले मिळून पाचशेच्या वर हत्ती बेशुद्ध करून, क्रेनला उलटे टांगून, ट्रकने न्खोटाकोटा अभयारण्यात पोचवले. हे ऐकून बायको म्हणाली, "आणि आपल्या सोसायटीत चोवीस बिऱ्हाडं तात्पुरती कुठे हलवायची, यावर सहा वर्षं मीटिंगा चालल्यात."

तर लॉजचे नियम दोन. एक, खायचं काहीही तंबूत ठेवायचं नाही. माकडं चेन उघडून आत शिरतात आणि हत्तीला वास लागला तर तो चेनसुद्धा शोधत बसत नाही. दोन, अंधार पडल्यावर एकट्याने बाहेर पडायचं नाही. व्हरांड्यातून टॉर्च हलवायचा, रखवालदार येतो. मी पहिल्या नियमातून पळवाट शोधत होतो, तेवढ्यात हिने पिशवीतून पातळ पोह्यांच्या चिवड्याचा स्टीलचा डबा काढून स्वागतकक्षात जमासुद्धा केला. प्रामाणिकपणाची इतकी घाई बरी नव्हे.

रात्री पावणेदहाला पोटात कालवलं. त्याच वेळी व्हरांड्याखालून आवाज यायला लागला : चर्रर्र... चर्रर्र... कापडाच्या दुकानात मांजरपाट फाडतात तसा. जाळीतून पाहिलं. पाणघोडा. दीड टनाचा ऐवज, कोणी गवत कापायला लावल्यासारखा मान खाली घालून एका रेषेत सरकत होता. दिवसभर पाण्यात फक्त कान आणि नाकपुड्या दाखवणारे हे लोक रात्री वर येऊन चाळीसेक किलो गवत ओठांनी उपटून खातात. चाळीस किलो! आणि मी मूठभर चिवड्यासाठी लाजत होतो.

टॉर्च हलवला. रखवालदार आला. वयाने माझ्याएवढाच, अंगात जाड कोट, हातात नुसती बॅटरी. मला काय हवंय ते इंग्रजीत सांगताना घशाशी आलं. "जेवण नाही, जेवणाच्या अलीकडचं काहीतरी." तो गंभीरपणे "हो बाम्बो" म्हणाला आणि आम्ही निघालो. डबा मिळाला. परतताना मात्र तो पाणघोडा पायवाटेवर आडवा.

"म्वू," म्हणजे पाणघोडा, रखवालदार कुजबुजला आणि त्याने मला दंडाला धरून बाजूच्या ताडाआड ओढलं. याच्या आणि नदीच्या मध्ये उभं राहायचं नाही, एवढं एकच पथ्य. बाकी तो खाईल आणि जाईल. कधी? खाऊन झाल्यावर. मग पाणघोड्याने आमच्याकडे पाठ केली, आखूड शेपूट पंख्यासारखी गरगर फिरवली, आणि जे व्हायचं ते शेजारच्या झुडपावर सगळीकडे सारखं वाटलं गेलं. आमच्या सोसायटीतलं पाणीसुद्धा इतकं समान वाटप होऊन येत नाही.

पंधरा मिनिटं झाली. मी डबा उघडला. समोर माणूस असताना एकट्याने खायचं नाही, हे वळण पाणघोड्यापुढेही मोडेना. डबा पुढे केला. "चिवडा."

"चिवुडा," तो म्हणाला. त्याने बोटांत एक शेंगदाणा धरला, बॅटरीवर तळहात ठेवून उजेड बारीक केला आणि चेहरा खुलला : "म्तेद्झा!" ओळखीचं माणूस भेटलं. आपण बाजूला काढतो तो कढीपत्ता त्याने दोन्ही बाजूंनी पाहिला आणि कुरकुरत खाल्ला. डाळव्याला मान हलवली. मिरचीच्या तुकड्यापाशी थोडा वेळ थांबला, डोळे पुसले, नदीकडे पाहिलं. मग दुसऱ्यांदा हात पुढे करून म्हणाला, "झिवुडा."

समोर तिसरा गडी चर्रर्र करतच होता. आम्ही तिघे असे अर्धा तास जेवत होतो.

"झिवुडा नाही रे, चिवडा," हे मी सकाळी पुतण्यापाशी बोललो. तो हसायला लागला. "काका, इथल्या चिचेवा भाषेत 'चि'ने सुरू होणाऱ्या शब्दाचं अनेकवचन 'झि' होतं. चिपात्सो म्हणजे एक फळ, झिपात्सो म्हणजे फळं. त्याने अनेकवचन केलं."

त्या रात्री साडेनवालाच, मी टॉर्चला हात घालायच्या आत, पायऱ्यांखाली उजेड दिसला. पाणघोडा अजून आला नव्हता.

"बाम्बो," खालून हळूच आवाज आला, "झिवुडा?"