ताडोबाला जाताय? मग एवढं तरी कराच

मे महिन्यात ताडोबाला जायचं ठरवलंत? उत्तम. चंद्रपूरचा पारा तेव्हा ४५ च्या पुढे असतो, नाले आटलेले असतात आणि वाघाला दोन-चार पाणवठे सोडून जायला जागा उरलेली नसते. पाहुण्यानं एखाद्याच्या घरी कधी जावं, तर त्या घरात पाण्याचे वांधे असतानाच.

मी गेल्याच महिन्यात जाऊन आलोय, त्यामुळे सल्ला ताजा आहे. मेहुण्याच्या ऑफिसातले साहेब सहकुटुंब चालले होते. जिप्सीत पर्यटक बसतात सहा, ते होते चौघे. "दाजी, तुम्ही आणि ताई जा ना, साहेबांना सोबत होईल," असं मेहुणा म्हणाला. त्याचं प्रमोशन साहेबांच्या सहीवर अडलेलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तर आधी पूर्वतयारी.

बुकिंगच्या वेळी दिलेल्या सूचना वाचायच्या नाहीत. कोअर, म्हणजे जंगलाचा गाभा, मंगळवारी बंद असतो हे सोमवारी रात्री रिसॉर्टवर जेवताना, "उद्या अजून एक सफारी मारू" असं म्हणताना कळलं पाहिजे. मग मॅनेजरला बोलावून विचारायचं, "का हो, वाघाला पण साप्ताहिक सुट्टी का?" आणि आजूबाजूला बघून हसायचं. आजूबाजूचे हसले नाहीत तर पुन्हा विचारायचं.

गेटवर ओळखपत्राची झेरॉक्स दाखवा. ओरिजिनल मागणाऱ्याला आपण कोण आहोत ते सांगा.

कपडे दोनच प्रकारचे चालतात. एक पांढराशुभ्र, म्हणजे अर्ध्या किलोमीटरवरच्या सांबरालाही आपण आल्याचं कळतं. दुसरा लष्करी छापाचा: टोपीपासून बुटापर्यंत. हा घालून मागे भडक केशरी सॅक लावायची. अत्तर सढळ हातानं. जिप्सी उघडी असते, मागच्या सहा गाड्यांनाही लाभ होतो.

आदल्या रात्री रिसॉर्टवर उशिरापर्यंत बसा. पहाटे साडेचारला ड्रायव्हर दारात उभा राहिला की त्याला अर्धा तास उभाच ठेवा. मग गेटवर रांगेत शेवटून दुसरे लागलात की दोष त्याच्या ड्रायव्हिंगला द्या.

आता गाईड. ताडोबात मुलीही गाईड आहेत. आम्हाला मिळाली ती गेटजवळच्या मोहर्ली गावचीच. तिशीची असेल. खाकी शर्ट, गळ्यात दुर्बीण, एक पट्टा दोऱ्यानं शिवलेला. अशी गाईड मिळाली की पहिल्या पाच मिनिटांत तिला विचारायचं, "मॅडम, तुम्हाला वाघ दिसतो ना? की जेंट्स गाईड घेऊ?" साहेबांनी विचारलं. ती म्हणाली, "दिसला तर दिसते जी."

तिनं रस्त्याच्या कडेचे दगडी खांब दाखवले. गोंड राजांच्या काळातले. राजा निघाला की या खांबांवरून बांधलेली दोरी ओढत, घंटा वाजवत निरोप पुढे जायचा, असं तिथे सांगतात. साहेब म्हणाले, "बरं. वाघ?" तिनं ऐनाचं झाड दाखवलं. मगरीच्या पाठीसारखी साल, आणि त्या खोडात पाणी साठवलेलं. "वाघ?" वाळक्या फांदीवर मोरघार बसली होती, डोक्यावरचा तुरा वाऱ्यानं उलटा झालेला. "पक्षी नको हो मॅडम, पक्षी घरी पण येतात." घरी मोरघार येणारे ते पुण्यातले एकमेव गृहस्थ असावेत. पुढे गव्यांचा कळप आला, एकेक धूड असं की जिप्सी खेळण्यातली वाटावी. साहेबांच्या धाकट्यानं विचारलं, "पप्पा, ह्या म्हशी कोणाच्या?" पप्पा म्हणाले, "फॉरेस्टवाल्यांच्या."

म्हणून सांगतो, गाईडला बोलू देऊ नका. जंगलात वाघ सोडून जे काही आहे ते सगळं भरतीचं.

वाघाची चाहूल लागली की वानर-चितळ ओरडून इशारा देतात, त्याला कॉल म्हणतात. वेफर्सचं पाकीट तो कॉल ऐकायला गाडी थांबली की फोडायचं.

मोबाईल. कोअरमध्ये मोबाईल न्यायला बंदी आहे, म्हणजे तो मोज्यात घालून न्यायचा.

आणि हो, ताडोबा हे नाव कशावरून पडलं हे तिनं सांगायला घेतलं तेव्हाच साहेबांना जांभई आली. तुमच्यासाठी सांगतो. तारू नावाचा गावप्रमुख होता. वाघाशी झुंजला, त्यात मेला आणि देव झाला. तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे, पौषात तिथे जत्रा भरते. म्हणजे ज्याच्या नावानं हे सगळं चाललंय तो वाघ बघायला गेलेला नव्हता. त्याला तो न मागता भेटला होता. असो.

मुख्य धडा: सायटिंग, म्हणजे वाघ दिसणं.

साडेसातच्या सुमारास वानर खोकरला. मग चितळ. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, मान वाकडी करून ऐकलं आणि गाडी वळवली. आम्ही पोचलो तेव्हा रस्त्यावर आधीच नऊ गाड्या होत्या, मागून येत होत्या त्या वेगळ्या. मी चौदापर्यंत मोजल्या, मग धुळीत दिसेनासं झालं. डावीकडे बांबू, उजवीकडे उतार, उताराखाली पाणी. बांबूत वाघीण होती. आधी फक्त कान दिसले, मग तोंड. जीभ बाहेर, भात्यासारखं पोट हलतंय. तिच्यामागे गवतात आणखी कानांच्या दोन जोड्या. तिला रस्ता ओलांडून पाण्यावर जायचं होतं, एवढंच. हे कळायला प्राणिशास्त्राची पदवी लागत नाही. आमच्या गल्लीतली कुत्री पिलं घेऊन रस्त्याकडेला उभी राहते तेव्हा रिक्षावालासुद्धा थांबतो.

इथे काय करायचं ते नीट ऐका. सीटवर उभं राहायचं. त्यानंही भागलं नाही तर जिप्सीच्या दांडीवर पाय ठेवून उभं राहायचं. "अरे पुढे घे, पुढे घे, तो लाल टोपीवाला मध्ये येतोय" असं ओरडायचं. लाल टोपीवाल्यानं त्याच्या ड्रायव्हरला तेच सांगायचं. असं प्रत्येकानं केलं की चौदा गाड्या एकमेकींना खेटून एक भिंत तयार होते. वाघीण दोन पावलं पुढे आली. एका गाडीनं रिव्हर्स टाकला, ती मागे गेली. पुन्हा थोडी खाली सरकून आली. गाड्याही सरकल्या. तिसऱ्यांदा आली तेव्हा एक पंजा रस्त्याच्या धुळीत टेकला होता. तेवढ्यात साहेबांच्या मोज्यात फोन वाजला. गाणं सांगत नाही, तुम्हाला ते कायमचं नकोसं होईल. पंजा मागे गेला. बांबू हलला आणि थांबला. पाणी उजवीकडे तसंच होतं, आम्ही मधे तसेच होतो. साहेब म्हणाले, "शी! फोटो नीट नाही आला."

साडेसातलाच डोक्याचा फडका वाळत होता. आमच्यातल्या प्रत्येकाकडे बिसलेरीची दोन-दोन लिटर होती.

पुढचा सल्ला. गाडी मागे राहिली असेल तर ड्रायव्हरच्या खांद्यावरून पाचशेची नोट पुढे करायची. "घे रे, बिनधास्त घे, मी आहे." मी आहे म्हणजे कोण आहे, कुठे आहे, हे त्यानं विचारायचं नसतं. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचना प्राण्यापासून किमान २० मीटर लांब राहायला सांगतात. गाईड ते सांगत होती, "साहेब, खाली बसा जी, एवढ्या जवळ नाही जमत." आमचा ड्रायव्हर चोवीस-पंचवीसचा पोरगा. नोटेकडे बघितलं, गाईडकडे बघितलं, आरशातून साहेबांकडे बघितलं. गाडी पुढे नेली नाही तर पाहुणा रिसॉर्टवर जाऊन सांगणार, ड्रायव्हर बेकार आहे. नेली आणि कुणी व्हिडिओ काढला तर त्याची गाडी बंद, तिची गाईडगिरी बंद. साहेबांचं काय बंद होणार? काही नाही. साहेब बुधवारी ऑफिसात.

हे मी मनचं सांगत नाहीये. २०२४ च्या ३१ डिसेंबरला नागपूरजवळच्या उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे पाच बछडे गाड्यांनी दोन्ही बाजूंनी कोंडले. व्हिडिओ सगळ्या महाराष्ट्रानं बघितला. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, गाईड आणि चालक निलंबित झाले. झाले ते बरोबरच झालं. पण त्या गाड्यांत मागच्या सीटवर उभं राहून "घे पुढे" म्हणणारे कोण होते? त्यांचं पुढे काय झालं? तुम्हाला एकाचं तरी नाव आठवतं का? नाही ना? मग कशाला घाबरता? आपल्याला कोणी काही करत नाही. हाच तर या सहलीचा मुख्य आनंद आहे.

बाकी किरकोळ. कचरा खालीच टाका, म्हणजे निदान मागच्यांना दिसतो. वाघ दिसला नाही तर "सगळे वाघ आत नेऊन ठेवलेत" असं म्हणा. सव्वासहाशे चौरस किलोमीटरच्या कोअरपैकी जास्तीत जास्त पाचवा हिस्साच पर्यटनाला देता येतो, म्हणजे उरलेल्यात वाघाला तुमच्याशिवाय जगता येतं. हा तुमच्यावर अन्याय आहे. तक्रार करा.

परतताना बफरमधल्या, म्हणजे कोअरभोवतीच्या पट्ट्यातल्या, गावाच्या रस्त्यानं आलो. तेंदूपानाचा हंगाम. डोक्यावर पानांची गाठोडी घेतलेल्या बायका रांगेनं चालल्या होत्या, सगळ्यात पुढची भराभर, सगळ्यात मागची मान वळवून वळवून. गाईडनं हात केला. "माझी वहिनी आहे जी त्याच्यात. तीन वाजता उठून जाते." साहेबांनी विचारलं, "किती मिळतात?" ती म्हणाली, "शेकडा पुड्यामागे मिळते जी." किती ते तिनं सांगितलं. साहेबांच्या अत्तराच्या बाटलीत बसलं असतं. मग म्हणाली, "निघताना देवाले हात जोडते, आज वाघ दिसू देऊ नको म्हणून."

साहेबही सकाळी गेटवर हात जोडून उभे होते. आज वाघ दिसू दे म्हणून.

आता सल्ला पुरे. सरळ बोलतो.

तुम्हाला लाज वाटत नाही? दरवर्षी उन्हाळ्यात मोह आणि तेंदू वेचायला गेलेली माणसं चंद्रपूर जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यात मरतात. त्यात बायकाही असतात. २०२१ च्या नोव्हेंबरात याच ताडोबात व्याघ्रगणनेच्या कामावर पायी फिरणारी एक वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात गेली. पायी, हो. तुम्हाला जिप्सीत बसून दोन तास गप्प बसवत नाही. ज्या माणसांनी तो वाघ अंगणाच्या टोकाला सोसला, ती "घे पुढे" म्हणत नाहीत. तुम्ही म्हणता, कारण तुम्ही पैसे भरलेत. काय भरलंत? गाडीचं भाडं भरलंत, गाईडची फी भरलीत, गेटची पावती फाडलीत. वाघिणीला काय दिलंत? तिची पाण्याची पाळी तेवढी खाल्लीत. आणि घरी येऊन त्या हुकलेल्या फोटोखाली लिहिता, निसर्गाच्या सान्निध्यात.

खाली बसा. तोंड बंद ठेवा. फोन गेटवर जमा करा. गाईड गाडी मागे घ्या म्हणाली की गाडी मागे घेऊ द्या. एवढ्या चार गोष्टी पहिलीतल्या पोराला जमतात.

आणि मी? मी काय केलं? मी खाली बसलो होतो, तोंड बंद ठेवलं होतं. साहेबांना एक शब्द बोललो नाही. फोन वाजला तेव्हा बायकोनं माझ्याकडे बघितलं आणि मी दुर्बिणीची काच पुसायला घेतली. मेहुण्याची सही व्हायची होती. ती झाली. त्याला पेढे आणायला सांगितलेत, खाणार नाही.

काल त्याचा फोन आला. साहेबांना ट्रिप फार आवडली, दिवाळीनंतर रणथंबोरचं ठरतंय, दोन जागा आहेत. मी त्याला म्हटलं, साहेबांना कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात घेऊन जा. वाघ तिथे आहे, हमखास दिसतो, कितीही ओरडलं तरी जायला जागा नाही त्याला. फक्त बुधवारी बंद असतं.