टकटक

आज सकाळी कॉफी प्यायला बारमध्ये, म्हणजे इथल्या कॉफीच्या दुकानात, गेलो तर काउंटरला टेकून उभ्या असलेल्या तीन म्हाताऱ्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग एकमेकांकडे बघितलं, आणि तिघांनी मिळून बोटाच्या पेरांनी काउंटर वाजवला. टक टक टक. कॉफीवाली बाई पण फिस्कन हसली. मला या गावात येऊन दोन दिवस झालेत फक्त. दोन दिवसांत नाव पडलं माझं.

झालं असं की मिलानमध्ये अकरा वर्षं भाडं भरून कंटाळलो, तिथे घर घ्यायची ऐपत नाही, म्हणून इटलीच्याच सार्डिनिया बेटावर इग्लेसियासला एक फ्लॅट बघितला. बेटाची राजधानी कालिआरी, तिथून ट्रेनने तासाभराचं गाव, चांदीच्या खाणींवर मोठं झालेलं, इथे पिसा शहराचं राज्य होतं त्या काळापासूनचं. मग शिसं, जस्त. आता खाणी बंद, पोरं बाहेर, म्हणून घरं स्वस्त. जाहिरातीत लिहिलेलं 'पूर्णपणे रिनोव्हेटेड', जुन्या गावात, तळमजला, ५४ हजार युरो. एवढ्यात पुण्यात वाघोलीच्या पुढे वन बीएचके येतो आणि सोबत पाण्याचा टँकर. फोटोत पांढऱ्याशुभ्र भिंती, छतात लपवलेले दिवे. बायको म्हणाली तळमजला चांगला, म्हातारपणी जिने नकोत. मी ऑफर लिहून तीन हजारांचा चेक पण देऊन टाकला, विकणाऱ्याने ती मान्य केली, आणि मग घर नीट बघायला आलो. हो, मला माहितीये क्रम चुकलाय. घरच्यांनी सांगून झालंय.

काल एजंट मला 'इंजेन्येरे, इंजेन्येरे' करत घर दाखवत होता. इथे माणसाला डिग्रीने हाक मारतात, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं. दार उघडं होतं. त्यातून वरच्या मजल्यावरचे आजोबा आत आले, बनियन, स्लिपर, हातात किल्ली. वय ब्याऐंशी, हे त्यांनी न विचारता सांगितलं. इथे म्हाताऱ्यांना त्झिऊ म्हणतात, म्हणजे आपले काकाच.

"इंजिनिअर का? कुठल्या खाणीत?"

"खाणीत नाही हो. सॉफ्टवेअर."

"म्हणजे करता काय?"

"बँकेच्या ॲपमध्ये लॉगिनचं पान असतं ना, ते बनवतो."

काका थोडा वेळ गप्प. "पासवर्ड चुकला की मलाच मी रोबो आहे का विचारतं, ते?"

"हो."

"हं. म्हणजे ते तुम्ही."

मग मला वेचेल्ली ऐकावा लागला. चेझारे वेचेल्ली, १९२४ मध्ये इथून जवळच मसुआच्या कड्यात, थेट समुद्रावर उघडणारे बोगदे काढले त्याने, डोंगराच्या पोटात खनिज साठवायचं आणि खाली उभ्या जहाजात सोडायचं. त्याआधी माणसं टोपल्या खांद्यावर घेऊन होड्या भरायची. बंदराला पोरीचं नाव दिलं, पोर्तो फ्लाविया. "इंजिनिअर असा असतो," काका एजंटला म्हणाले, माझ्याकडे न बघता. माझ्या पोरीचं नाव लॉगिनच्या पानाला देता येईल का असा विचार माझ्या डोक्यात येऊन गेला, उगाच.

मग त्यांनी किल्लीने रस्त्याकडची भिंत वाजवली. टण्ण. "हा दगड." मग बेडरूमची वाजवली. धप्प.

"खाणीत छत असं वाजवायचं. खणखणीत बोललं तर डबा उघडून जेवायला बसायचं. बद्द बोललं तर डबा तिथेच सोडून पळायचं."

"मग?"

"पळा."

एजंट म्हणाला ते इन्सुलेशन आहे. काकांनी मला भिंतीला कान लावायला लावला. मी लावला! दोन माणसांसमोर, शर्टाला चुना लागेपर्यंत. काका वाजवत पुढे पुढे सरकतायत, मी कान घेऊन मागे मागे, धप्प, धप्प, धप्प, आणि एजंट मोबाईलमध्ये तोंड घालून. शेवटी त्यांनी किल्लीच्याच टोकाने स्विचबोर्ड जरासा उचकटला. आतून जो वास आला तो आमच्या दापोलीच्या घरात श्रावणात गाद्यांना येतो तोच. जिप्सम बोर्डाच्या मागे बोटभर पोकळी आणि त्यामागे काळी ओली भिंत. "ही ओल माझ्यापेक्षा मोठी आहे," काका म्हणाले, "इथे मावशी राहायची माझी, तिचं कपाट सडलं याच कोपऱ्यात. यांनी ओलीला फक्त कपडे घातलेत." वरून कीर्तन आतून तमाशा, याला इटालियनमध्ये काय म्हणतात कोणास ठाऊक.

आणि माझी आई! माठ घेताना दुकानातले सहा माठ वाजवते. नारळ वाजवते, कलिंगड वाजवते, लग्नाआधी जावयाला पण वाजवून बघितला असता, संधी मिळाली नाही. तिचा मुलगा घर न वाजवता घेतो.

यात चूक कोणाची विचारलं की सगळे दुसऱ्याकडे बोट दाखवतात. एजंट माझ्याकडून तीन टक्के घेणार, वर व्हॅट, आणि विकणाऱ्याकडून पण घेणार, दोन्हीकडून खाऊन भिंत मात्र कोणाचीच नाही. मागे हटलो तर तीन हजार गेले. त्यात नोंदणीच्या नकाशात बेडरूममधून अंगणात जाणारं दार दाखवलंय, प्रत्यक्षात तिथे बोर्ड. नकाशा आणि घर जुळल्याशिवाय इथे खरेदीखत होत नाही, म्हणजे आता जेओमेत्रा आणायचा, म्हणजे सर्व्हेअर, त्याची फी वेगळी. ते दार कुठे गेलं विचारलं तर एजंट म्हणतो तपासून सांगतो. दार तपासून सांगणार हा. अकरा वर्षं या देशात टॅक्स भरतोय आणि हे एक 'तपासून सांगतो' काही संपत नाही.

काकांनी जाताना कॉफीचे पैसे घेतले माझ्याकडून, तपासणीची फी म्हणे, एक युरो वीस. शिवाय बारमध्ये जाऊन सगळं सांगून पण आले, हे आज कळलं.

रात्री आईला व्हिडिओ कॉल केला. तिने किंमत विचारली नाही, गाव विचारलं नाही. "वाजवून नाही घेतलंस?" एवढंच. मी फोन ठेवला. रूमवर झोप येईना, म्हणून सहज पलंगामागची भिंत वाजवून बघितली. धप्प.

पलीकडून कोणीतरी उलटी वाजवली. तीनदा.