ओठांची पत

शंभर-सव्वाशे रुपयांची लिपस्टिक घ्यावी का, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर आधी तो चारचौघींत बोलू नका. साडी स्वस्तात मिळाली हे आपल्याकडे घरभर फिरून सांगायचं असतं. लिपस्टिक स्वस्तात मिळाली हे मात्र नवऱ्यालाही सांगायचं नसतं. मुळात लिपस्टिक ही ओठांना लावायची वस्तू आहे, हा तुमचा समजच चुकीचा आहे. ती पर्समधून काढायची वस्तू आहे. हळदीकुंकवाला, लग्नात, ऑफिसच्या वॉशरूममध्ये आरशासमोर ती काढायची आणि झाकण बंद करताना 'टक्' असा भारदस्त आवाज शेजारणीला ऐकू जाईल असं बघायचं. तो आवाज झाकणातल्या लोहचुंबकाचा असतो, आणि तुमचे बरेचसे पैसे त्याचेच असतात.

बाकी आत काय असतं? मेण, तेल आणि रंग. मेण मधमाश्यांचं, नाहीतर कँडेलिला किंवा कार्नौबा या वनस्पतींचं. रंगासाठी लोहाची ऑक्साइडं, टायटॅनियम डायऑक्साइड आणि काही मान्यताप्राप्त कृत्रिम लाल. तेल बहुतेक वेळा एरंडेल. हो, तेच. ज्याची बाटली आजीच्या हातात दिसली की तुम्ही पलंगाखाली शिरत होता, तेच. जगातलं सगळ्यात जास्त एरंडेल भारतात होतं, त्यातही गुजरातेत. आता बघा, हे तेल बोटीत बसून परदेशी जातं, तिथे सोनेरी नळीत शिरतं आणि दोन हजार रुपयांचं होऊन मॉलमध्ये परत येतं. तेच तेल इथल्या इथे प्लास्टिकच्या नळीत भरलं तर शंभराला मिळतं. ज्या तेलानं कधी समुद्र पाहिला नाही, ते तुम्ही ओठांना लावणार?

हिशेब करायचाच नाही. तरी सवयीनं कराल म्हणून सांगते. महागडी कांडी साधारण 3 ग्रॅमची असते. दोन हजारांना 3 ग्रॅम, म्हणजे दहा ग्रॅमच्या तोळ्याला साडेसहा हजारांच्या पुढे. सराफाकडे निदान घट-तूट विचारता येते. इथे विचारू नये, काउंटरवरची मुलगी फार दुःखी नजरेनं बघते.

घराणं मात्र बघावं. 1952 साली टाटांनी लॅक्मे काढली, ती आज हिंदुस्थान युनिलिव्हरची आहे, आणि कॉलेजच्या मुली दप्तरात टाकून फिरतात ती स्वस्तातली एल एटीनही त्याच घरची. तिकडे फ्रान्सच्या लॉरिआलकडे महागडी लँकोमही आहे आणि 1996 साली विकत घेतलेली स्वस्तातली मेबलीनही. एका आईच्या दोन लेकी, एक परदेशात दिलेली आणि एक गावातच. परदेशातलीचं कौतुक जास्त होणारच, त्यात गावातलीनं वाईट वाटून घेऊ नये.

लायनर तर स्वस्तातला घेऊच नका. लायनरचं काम काय, तर ओठांच्या कडेनं मेणाचा बांध घालायचा, म्हणजे लिपस्टिकमधलं तेल बारीक रेषांमधून मिशीच्या दिशेनं चढत नाही. त्यासाठी त्यात मेण जास्त, तेल कमी, आणि पेन्सिल जरा कडक हवी. आता कडकपणा हा साठ-सत्तर रुपयांच्या पेन्सिलीचा जन्मजात गुण. म्हणजे जे काम करायचं, तेच ती करते. यात मजा काय राहिली? महागडी पेन्सिल कशी लोण्यासारखी फिरते! मे महिन्यात शार्पनरमध्ये घातली की अर्धी तिथेच राहते. त्यावर उपाय आहे, दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवायची आणि मग टोक काढायचं. तिला लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवू नका एवढंच. उलट स्वस्त पेन्सिल ओठांवर टोचते, तर तिचं टोक हाताच्या पाठीवर दोनदा घासून गरम केलं की नरमते. पण हे असले घरगुती उपाय लिहायलाही बरं वाटत नाही. जर्मनीतली श्वान नावाची कंपनी गावोगावच्या ब्रँडांना कॉस्मेटिक पेन्सिली बनवून देते, आणि तुमच्या मुलाच्या दप्तरातलं स्टॅबिलो हायलायटरही त्याच समूहाचं. पेन्सिल बनवणारा शेवटी पेन्सिल बनवणाराच, पण हे कळल्यावर लायनरची नजाकत जाते, तेव्हा कळू देऊ नये.

रंगाच्या बाबतीतही परदेशीच बरं. न्यूड, म्हणजे कातडीच्या रंगाची, शेड घ्या. ती ज्या कातडीवर बघून बनवलेली असते ती तुमची नसते, त्यामुळे लावल्यावर घरातली माणसं आपुलकीनं विचारतात, 'बरं नाही का वाटत?' आयती चौकशी होते, हवी तर सुट्टीही मिळते. स्वस्त देशी कंपन्यांना हे जमत नाही. त्या बिचाऱ्या मरून, विटकरी, तपकिरी असे रंग काढत बसतात, कारण सावळ्या चेहऱ्यावर आणि गडद कडांच्या ओठांवर तेच उठून दिसतं. तपकिरी पेन्सिलीनं कड काढली आणि आत विटकरी भरलं की काम झालं. शंभर-दीडशेत जोडी. त्याला काय स्टाइल म्हणायचं?

दोन हजार जमत नाहीत आणि नावही सोडवत नाही, अशांसाठी फर्स्ट कॉपी, म्हणजे मोठ्या ब्रँडची हुबेहूब नक्कल, आहे. तुळशीबागेत जा, दादरच्या रानडे रोडला जा, क्रॉफर्ड मार्केटच्या गल्ल्यांत जा. दुकानदार आधी साधा माल दाखवतो, मग मानेनं खूण करून खालचा खोका काढतो. 'ताई, ओरिजिनलच आहे, फक्त बिल नाही.' मग तुमच्या मनगटापासून कोपरापर्यंत तो रेघा ओढतो. त्याच टेस्टरच्या कांडीवर सकाळपासून किती ओठ टेकले असतील, हा विचार मनात आणू नये. खोका काळा, अक्षरं चंदेरी, एखादं अक्षर इकडचं तिकडे. खोका उलटा करून बघू नका. बनवणाऱ्याचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, कधीपर्यंत वापरायची ते आणि छापील किंमत, यांतलं काहीच तिथे नसतं. अगदी स्वच्छ, मोकळं डिझाइन. शेजारच्या एकशेदहा रुपयांच्या देशी लिपस्टिकच्या बुडाला मात्र हे सगळं मुंगीएवढ्या अक्षरांत कोंबलेलं असतं. किती गबाळं दिसतं ते! 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानं आणि 2020 च्या नियमांनी त्या कंपनीचे हात बांधलेत. रंगात शिसं दशलक्षात 20 भागांपेक्षा जास्त चालत नाही, उद्या ओठ सुजले तर अन्न व औषध प्रशासनाला तिचा पत्ता सापडतो. खालच्या खोक्यातल्या मालाला अशी कटकट नाही. त्याचा बनवणारा कोण, हे त्यालाही ठाऊक नसावं.

शिशाचं नाव निघालंच आहे, तर 'स्वस्तात शिसं असतं' हे वाक्य जरूर ठोकून द्या. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनानं, 400 लिपस्टिक तपासल्या, तेव्हा सरासरी दशलक्षात 1.11 भाग आणि सर्वांत जास्त 7.19 भाग शिसं निघालं होतं. त्याआधी 2007 मध्ये तिथल्याच एका ग्राहक मोहिमेनं 33 लिपस्टिक तपासल्या. त्यांत काही स्वस्त नळ्या साफ निघाल्या आणि चोवीस डॉलरच्या एकीत शिसं सापडलं. शिसं किमतीकडे बघून शिरत नाही, रंगाच्या खनिजाबरोबर येतं. पण हे आकडे चर्चेत काढू नका, गप्पांचा रंग जातो.

चातुर्मास पाळत असाल तर महागड्या नळीच्या मागे 75470 हा आकडा शोधा. निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनियल किड्यांपासून काढलेला लाल रंग तो. साबुदाण्याची खिचडी उपासाची आहे ना, एवढं विचारून झालं की मग ओठांकडे वळा.

स्वस्तातले खरे तोटे लपवून ठेवायचं कारण नाही. मॅट लिक्विड, म्हणजे पातळ आणि वाळल्यावर चमक न राहणारी लिपस्टिक, स्वस्तातली असेल तर द्रावण उडून गेल्यावर ओठांवर कोरडा पापुद्रा राहतो, तासाभरात भेगाळतो आणि आतल्या कडेला त्याचे बारीक गोळे जमतात. झाकण सैल होतं, पर्सच्या अस्तरावर शेड उतरते. वास कधीकधी गुलाबाचा कमी आणि उदबत्तीचा जास्त येतो. तेव्हा लिक्विडच्या बाबतीत थोडे जास्त पैसे टाकायला हरकत नाही. साध्या कांडीला काय धाड भरली आहे, हे मात्र मला कोणी सांगू शकलेलं नाही.

महागडीचा तोटा वेगळाच. ती वापरवतच नाही. 'खास प्रसंगाला लावू' म्हणून पैठणीच्या घडीशेजारी ठेवली जाते. खोक्यावरच्या उघड्या डबीच्या चित्रात 12 लिहिलेलं असतं, म्हणजे उघडल्यावर बारा महिने. तिचं तेल मात्र खास प्रसंगाची वाट बघत खवट होतं. आणि प्रसंग आलाच तर तिथे जेवण असतं. चोवीस तासांची हमी देणारी लिपस्टिकही मिसळीच्या पहिल्या तर्रीला शरण जाते, कारण तेल तेलाला विरघळवतं आणि तर्रीला छापील किंमत वाचता येत नाही. म्हणून दोन हजारांची लावली असेल तर जेवू नका. 'वहिनी, काहीच घेतलं नाही?' असं कोणी विचारलं तर ओठ न हलवता 'पित्त झालंय' म्हणा.

सरकारचंही याबाबतचं धोरण लक्षात घ्या. जीएसटीत कुंकू, टिकली, आळता यांवर शून्य टक्के. लिपस्टिकवर 18, आणि 2017 च्या नोव्हेंबरपर्यंत तर 28 टक्के होता. सौभाग्य करमुक्त, हौस करपात्र. कर टक्क्यांत असल्यामुळे हौस जेवढी महाग तेवढी देशसेवा मोठी. एकशेदहाच्या लिपस्टिकनं तिजोरीत अशी कितीशी भर पडणार?

एवढं सगळं ऐकूनही तुम्ही ती विटकरी शेड घेणारच असाल तर घ्या. छान दिसेल. मग एखादी मैत्रीण 'कोणती गं ही?' असं विचारेलच. पुणेरी मैत्रीण नसेल तर 'अगं, जुनीच आहे' म्हणून वेळ मारून नेता येते. पुणेरी असेल तर ती थेट किंमत विचारते. तेव्हा खरं सांगून टाका, आढेवेढे घेऊ नका, कारण तिला तीच लिपस्टिक त्याच दुकानात नव्वदला मिळालेली असते.